चाळणीमावशींचा निरोप

“उद्या सांगते,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी केकचा तुकडा तोंडात टाकला. सगळी खोली हसली. उद्या त्या इथे कुठल्या असायला? नोकरीचा शेवटचा दिवस होता, हातात फुलांचा गुच्छ होता आणि साहेब भाषणासाठी घसा साफ करत होते.

ज्याने विचारलं होतं तो मात्र हसला नाही. तो त्या कचेरीतला प्रोग्रामर. प्रत्येक काम घोड्यावर बसून करायची त्याला खोड, म्हणून मावशींनी त्याचं नाव घोडेस्वार ठेवलं होतं. मावशींचं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना चाळणीमावशी म्हणत. हेही त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

इतक्या वर्षांत घोडेस्वाराचं एकही काम त्यांनी पहिल्या फेरीत पास केलं नव्हतं. आता हे शेवटचं. देशोदेशीच्या कचेऱ्यांसाठी केलेला प्रोग्राम: कोण कधी रुजू झालं, कोणाचा वाढदिवस कधी, कोणाची रजा कधी, कोण कधी निवृत्त होणार. ज्या देशात जशी तारीख लिहितात तशी दाखवायची, ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ सांगायची. सोमवारी हा प्रोग्राम गिऱ्हाइकांकडे जाणार होता. पण कचेरीची रीत अशी, की नवी वस्तू आधी आपल्याच घरात वापरून बघायची. त्यामुळे गेला आठवडाभर इथला कारभार त्याच प्रोग्रामवर चालला होता. दारावरची कार्डं त्याच्याच हुकमाने चालत. मावशी गुरुवारी निवृत्त होणार, हेही साहेबांना प्रोग्रामनेच कळवलं होतं. मग केक आला, फुलं आली.

“मावशी, जाता जाता एकदा तरी पास म्हणा,” एवढंच त्याने मागितलं होतं. त्यावर हे ‘उद्या सांगते’.

साहेबांचं भाषण लांबलं. मावशींनी सगळं मान खाली घालून ऐकलं, केकचा दुसरा तुकडा घेतला आणि वेळ झाल्यावर शांतपणे निघून गेल्या. त्यांचा चष्मा टेबलावरच राहिला. कपही तिथेच. खण तर त्यांनी आवरलाच नव्हता. घोडेस्वाराने चष्मा उचलून पिशवीत ठेवला. रविवारी नेऊन देऊ, असं ठरवताना त्याला उगीच भरून आलं.

घरी बायकोने त्याचं उतरलेलं तोंड पाहिलं.

“पास म्हणाल्या नाहीत?”

“नाही.”

“त्या म्हणाल्या नाहीत म्हणून वाईट वाटतंय, की गेल्या म्हणून?”

त्याला जुने दिवस आठवले. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, तो जिन्यावर रडकुंडीला येऊन बसला असताना, याच बाईंनी शेजारी बसून त्याला त्याची चूक समजावली होती. नंतरही ज्या ज्या चुका काढल्या, त्या त्याच्याच टेबलाशी येऊन, हळू आवाजात. साहेबांपुढे कधी नाही.

सकाळी तो जागेवर बसतो न बसतो तोच खालून पहारेकऱ्याचा फोन आला. “अहो, मावशी आल्यात. त्यांचं कार्ड चालत नाहीये. आत सोडू का?”

चष्म्यासाठी आल्या असतील, असं वाटून तो चष्मा घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावला. मावशी दारात उभ्या होत्या. हातात रोजचा डबा होता. त्यांनी चष्मा घेतला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

“दोष पहिला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “माझा शेवटचा दिवस आज आहे.”

घोडेस्वाराने फोनवर वार पाहिला: शुक्रवार. मग एकेक करत सगळं त्याच्या ध्यानात आलं. मुख्य कचेरी समुद्रापलीकडे, पार पश्चिमेला. इथे शुक्रवार सुरू होतो तेव्हा तिथे अजून गुरुवार चालू असतो. त्याने नुसती तारीख साठवली नव्हती. तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवली होती आणि दाखवताना ती मुख्य कचेरीच्या घड्याळातून काढली होती. शुक्रवारचा गुरुवार झाला होता. इथल्या प्रत्येक माणसाचा वाढदिवससुद्धा एकेक दिवस मागे सरकला असणार.

“सोमवारी हे बाहेर गेलं असतं,” मावशी म्हणाल्या, “तर किती लोकांची नोकरी एक दिवस आधी संपली असती, विचार कर.”

“पण मावशी, काल सांगायचं नाही का? अहो, सगळा समारंभ झाला!”

“मला कोणी विचारलंच नाही रे. सगळ्यांनी मशीनला विचारलं. आणि काल नुसतं सांगितलं असतं तर तू ‘हो हो’ म्हणून घोडा पुढे दामटला असतास. आता जन्मात विसरणार नाहीस.” मग त्या म्हणाल्या, “शिवाय केक बरा होता.”

त्याला खरं तर लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण त्याहून जास्त आनंद झाला, आणि तो लपवायला त्याने त्यांचा डबा स्वतःच्या हातात घेतला. वर जाईपर्यंत त्याने मनात हिशेब केला. वेळ काढून टाकायची, नुसती तारीख ठेवायची. दुरुस्ती एका ओळीची होती.

“किती वेळ लागेल?” मावशींनी आपल्या खुर्चीत बसत विचारलं.

“अवघड आहे, मावशी,” तो म्हणाला. “तुम्ही शेजारी बसलात तर संध्याकाळपर्यंत होईल.”

मावशींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्ची त्याच्या टेबलाजवळ ओढली आणि म्हणाल्या, “पास.”