निरांजनं कुणाची

"निरांजनं माझी," मी म्हणालो. "दर अधिकमासात तुझ्या वडिलांनी ती जावयाला दिली, लेकीला नाही."

पलंगावर आमची सगळी चांदी पसरली होती. सोमवारी घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या, आणि त्याआधी कुणी काय सोडायचं ते ठरवायचं होतं. केतकीनं तिन्ही निरांजनं माझ्याकडे ढकलली. "घे. एकात तरी कधी वात घातलीयस?" मला बसवेना. मी उठून पंखा वाढवला, मग कमी केला, मग पुन्हा वाढवला.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. मी स्पीकर लावला. केतकीनं 'सांगून टाक' अशी खूण केली.

"जावईबापू, रविवारी अधिक लागतोय. तेहतीस अनारसे आणि चांदीचं ताट आणतोय. केवढं आणू?"

"दोघांना जेवता येईल एवढं," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर केतकी माझ्याकडे वळली. "सोमवारी सह्या आहेत."

"अधिकात शुभकार्य करत नाहीत."

ती हसली, आणि हसल्याचा तिला रागही आला. "महिनाभरच," ती म्हणाली.