बँकेची संमती

मुलांनो, डोळ्यांसमोर एक इमारत आणा. तिच्या मागे अंगण, अंगणात एकच घसरगुंडी आणि तिच्यासमोर रांगेत तुम्ही. आता या अंगणात गाड्या उभ्या करायच्या, असं मोठ्यांनी सभा घेऊन एकमताने ठरवलं. तुमच्याच रांगेतल्या टिल्लीने बाबांना गळ घातली, सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांची विनवणी केली, पण कुणालाच पाझर फुटला नाही.

"अगं, खेळायला तुम्हाला जिना आहे, गच्ची आहे," काका म्हणाले. "गाड्यांनी बिचाऱ्यांनी कुठे जायचं?"

फक्त एक अडचण निघाली. बहुतेक घरं कर्जापोटी बँकेकडे गहाण होती आणि सामाईक जागेत बदल करायचा, तर बँकेची संमती लागणार होती. बँकेचे साहेब आले, अंगणभर फिरले आणि शांतपणे म्हणाले, "मुलांना खेळायला जागा उरली नाही, तर या घरांचा भाव पडेल. आम्ही कर्ज दिलंय ते याच भावाच्या भरवशावर. संमती मिळणार नाही."

मोठी माणसं हात चोळत राहिली. "घर आपलं आणि हुकूम यांचा," घरी आल्यावर बाबा धुसफुसले. "एकदाचं सगळ्यांचं कर्ज फिटू दे, मग बघतो कोण अडवतंय ते."

 

हे ऐकताच टिल्लीने चपला पायांत सरकवल्या आणि एकेका दाराची बेल वाजवत ती सांगत सुटली, "काकू, तुमचं कर्ज अगदी सावकाश फेडा हं. मुळीच घाई करू नका."