पिटुकल्याची ट्रिंग ट्रिंग

पक्षीवाल्याने पिटुकल्याला मुठीत धरून त्याची वाढलेली नखं कापायला घेतली, तेवढ्यात तो एवढासा जीव थेट टेबलावरच्या फोनसारखा वाजला. ट्रिंग ट्रिंग! पक्षीवाला दचकलाच.

"मावशी, हे कुठून शिकला हा? लव्हबर्ड दिसायला पोपट, पण बोलण्याच्या नावानं बोंब! एकटा ठेवलेला असेल, तर रोज कानावर पडणारा एखादा आवाज उचलतो. तोही एखादाच."

"एकटाच तर आहे. तूच म्हणाला होतास ना, जोडी नेलीत तर आपापसात रमतील, तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत."

"म्हणजे तुमच्याकडे फोनवर फोन चालू असतात!"

"मग! मुलगा, सूनबाई, नाती... नुसता जीव खातात बघ. हातातलं काम टाकून धावावं लागतं," मावशी कौतुकानं म्हणाल्या.

"नशीबवान आहात," म्हणत त्यानं पिटुकल्याला पिंजऱ्यात सोडलं आणि पिशवी उचलून तो गेला.

मावशींनी दाराला कडी घातली. रोजच्यासारख्या त्या टेबलाशी येऊन बसल्या, कमरेचा मोबाइल काढला आणि त्यावरून आपल्याच घरचा नंबर लावला. टेबलावरचा फोन खणखणला. पिंजऱ्यातून पिटुकल्यानंही लगेच सूर मिळवला.

"चालू आहे रे," मावशी त्याला म्हणाल्या, "बिघडलेला नाही."