बाहेरून कुलूप

‘शाळांची सुरक्षितता’ या विषयावर प्रशिक्षक मॅडम बोलत असतानाच भिंतीवरच्या विजेच्या बोर्डातून ठिणगी उडाली आणि खिडकीच्या पडद्याने पेट घेतला.

जिल्ह्यातले सगळे गटशिक्षणाधिकारी दाराकडे धावले. दार उघडेना. सही ठोकून साहेब लोक प्रशिक्षणातून सटकतात, म्हणून बाहेरून कुलूप घातलं होतं. त्यांच्यातले ढवळेसाहेब दाराशी चेंगरले. धुराने जीव घुसमटला.

शिपाई धावत आला, दार उघडलं, आग विझली. व्हरांड्यात येताच कुणीतरी हसलं, “झालं की प्रात्यक्षिक!”

ढवळेसाहेबांनी खिशातून फोन काढला. मुलं मधूनच पळून जातात म्हणून तालुक्यातल्या शाळांच्या जाळीच्या दारांना कुलूप लावायचा हुकूम त्यांचाच होता. त्यांनी पहिल्या शाळेला फोन लावला.

“बाई, जाळीचं कुलूप काढा. आत्ताच्या आत्ता!”

“किल्ली शिपाईमामांकडे आहे, सर,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “ते तुमच्याच ऑफिसात टपाल द्यायला गेलेत.”

फोनवर मागे मुलं खोकत होती.

“धूर झालाय का तिथे?”

“खिचडीची चूल पेटवलीय, सर. रोजचंच आहे.”