सौरवच्या आवाजात

“नमस्कार आजी. मी सौरव बोलतोय. आपली प्रकृती कशी आहे?”

लीलाताईंच्या हातातली मटाराची शेंग तशीच राहिली. आवाज नातवाचाच होता, त्यात शंका नव्हती. पण ‘आपली प्रकृती’? ज्या पोराने आजवर ‘आजी, क्या हाल’च्या पुढे कधी चौकशी केली नाही, तो आज प्रकृती विचारत होता. त्यांना संशय आला.

कारण सकाळीच तो विषय निघाला होता. दर रविवारी त्यांचे यजमान दिनकरराव फूलबागेत फिरून येताना गरम बेडई, म्हणजे डाळीच्या पुऱ्या नि रस्सा, आणि पेपर घेऊन यायचे. मग हिंदी मुलखातल्या, दाना ओली या गल्लीतल्या त्यांच्या घरात विज्ञानाच्या बातम्यांचं जाहीर वाचन व्हायचं. वाचणारे दिनकरराव, निकाल देणाऱ्या लीलाताई. चंद्रावर बर्फ असल्याचं वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “आधी आपल्या नळाला पाणी आलंय का ते बघा म्हणावं.” माणसासारखं घरकाम करणारं यंत्र निघालं तेव्हा त्यांनी विचारलं, “माणसासारखं? म्हणजे कामाला दांड्यापण मारेल.” आजची बातमी आवाजाची होती. कॉम्प्युटर आता कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि भामटे त्या आवाजात घरच्यांना फोन करून लुबाडतात. लीलाताईंनी तीही उडवून लावली. “करू देत फोन. माझ्या माणसाला मी ओळखणार नाही का?” असं म्हणून त्यांनी बेडईचा तुकडा रश्शात बुडवला होता.

आणि दुपारी हा फोन आला.

त्यात आजचा दिवस साधा नव्हता. सौरव पुण्यात नोकरीला होता. तिथल्याच तन्वीशी त्याचं जमलं होतं, आणि आज संध्याकाळी तो पहिल्यांदाच तिच्या आईवडिलांना भेटणार होता. मुलगी त्याने पसंत केली होती. आता तिच्या घरच्यांनी त्याला पसंत करायचं होतं. त्याचं अर्धं मराठी, अर्धं हिंदी ऐकून ती माणसं नाक मुरडतील, ही एकच काळजी लीलाताईंना आठवडाभर खात होती.

“आजी, आपल्याला एक विनंती करायची होती,” आवाज म्हणाला.

विनंती! बातमीत अस्संच होतं. लीलाताईंनी नवऱ्याला खूण करून जवळ बोलावलं आणि फोन दोघांमध्ये धरला. मग सावधपणे विचारलं, “मी पाठवलेल्या चकल्या कशा झाल्या होत्या रे?”

“अतिशय रुचकर. आम्हा सर्वांना फार आवडल्या.”

संपलं. त्या चकल्या दगडासारख्या झाल्या होत्या. गेल्याच आठवड्यात सौरव फोनवर ओरडला होता, ‘आजी, दात टूटते टूटते बचा!’

“अगं, पण आवाज तर आपल्या सौरवचाच आहे,” दिनकरराव कुजबुजले.

“तेच तर सकाळी वाचलंत ना!” लीलाताईंनी पदर खोचला आणि फोनवर तोंडाचा पट्टा सोडला. “मेल्या यंत्रा, आवाज चोरलास, पण माझा नातू कुठून आणशील? माझा सौरव मराठीत सुरू होतो नि हिंदीत संपतो. एक वाक्य कधी सरळ बोललेला नाही तो! पण माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा सुट्टी काढून पुण्याहून धावत आला. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचा. ‘आजी, हलू नको यार, वरना दवा गालावर जाएगी,’ म्हणायचा. इतका हलका हात नर्सचासुद्धा नव्हता. तुझ्यासारखं छापील बोलणारे छप्पन मिळतील, असं पोर मिळायचं नाही! आज त्याचं लग्न ठरायचंय. ती पुण्याची माणसं त्याच्या बोलण्याला हसतील म्हणून माझा जीव आधीच टांगणीला लागलाय. त्यात आणखी तू मध्ये कडमडू नकोस!”

पलीकडे कुणालातरी खोटा खोकला आला. आणि मग सौरव ओरडला.

“आजी, यार! तू ये क्या कर रही है! मीच आहे! इन लोगोंने खान्यालाच बोलावलं, तो मैं दोपहर में ही आलो. सब लोग समोर बसलेत, तुझ्याशी बात करायची है त्यांना, स्पीकर ऑन है! आणि तूच तर बोलली होती ना, हिंदीचा एक शब्द भी तोंडातून निकला तो खैर नहीं!”

“हा मात्र सौरवच,” दिनकरराव म्हणाले.

लीलाताईंनी तोंडावर हात ठेवला. पोर सुखरूप आहे म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी कानशिलं तापली. आठवडाभर पोराला पढवलं आणि ऐन वेळी आपणच माती खाल्ली. आता कसली सोयरीक नि कसलं काय! फोन ठेवावा की माफी मागावी, त्यांना कळेना.

तेवढ्यात फोनवर एका बाईंचा आवाज आला. हसू आवरता आवरत नव्हतं त्यांना.

“लीलाताई, मी मधुवंती, तन्वीची आई. जेवायला बसल्यापासून आमच्याशी छापील मराठीत कोण बोलत होतं, देव जाणे. आम्ही तर काळजीतच पडलो होतो. पण हा आत्ता ओरडला ना, हा मुलगा आम्हाला पसंत आहे.”