चाळीसच्या वर

मनगटाला पट्टा बांधला की भावना किती दुखावल्या ते यंत्रावर आकड्यात दिसायचं. तक्रार करायला आलेल्यांपैकी एकाचाही आकडा चाळीसच्या वर गेला, तर विनोदवीर विराज धुळप तीन वर्षं आत जाणार होता.

चौकीतल्या बाकावर बसून तो एकेक आकडा ऐकत होता. चार. सहा. तक्रारदारांना घेऊन आलेल्या, घोषणा देऊन घसा बसलेल्या संघटनेच्या अध्यक्षांचा तर दोनच.

"यंत्र बिघडलंय!" अध्यक्ष ओरडले.

"मघाशी यानं सांगितलेला स्वतःच्या बापाच्या तोतरेपणाचा किस्सा आठवून तुम्हीच हसत होता ना?" फौजदार कोळंबेबाई म्हणाल्या. "चला, पुढचा!"

रांगेतला शेवटचा म्हातारा पुढे आला. पट्टा बांधताच आकडा चढत गेला. तीस. एकोणचाळीस. एक्याण्णव.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. विराजने म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"काका, लिहून घेऊ तक्रार?" कोळंबेबाईंनी विचारलं.

"त-तक्रार नाही हो, मॅडम," म्हातारा हातातली पिशवी पुढे करत म्हणाला. "र-रांग दिसली म्हणून उभा राहिलो. ह्या पोराचा ड-डबा द्यायचाय."