मागं घे

मोटरसायकलचं इंजिन आणि भंगारातले पाइप जोडून धम्मदीपनं शेतात पळणारी बग्गी बनवली. पहिल्याच दिवशी ती शिरूर अनंतपाळजवळच्या त्याच्या गावात, वरच्या गल्लीच्या वळणावर अडवली गेली.

"आमच्या दारावरून न्हाई जायचं. मागं घे," भगवानराव म्हणाले.

"आण्णा, मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो. चौघांनी हात लावला तर ढकलून मागं घेता येईल."

"तुझ्या गाडीला आम्ही हात लावायचा?"

त्यांनी त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. त्यांचा धाकटा भाऊ बळवंत लोखंडी गज घेऊन आला. पहिल्या फटक्यात धम्मदीपचा डावा खांदा निखळला, दुसऱ्यात दात पडले. प्रत्येक फटक्याला तो तेच सांगत होता, "रिव्हर्स न्हाई ओ, खरंच न्हाई." जमलेल्या पाचसहा जणांना तो माज वाटत होता.

शेवटी भगवानराव स्वतःच बग्गीत बसले. इंजिन चालूच होतं. क्लच दाबून त्यांनी गिअरचा दांडा मागं ओढला आणि क्लच सोडत जोरात रेस दिली. बग्गी पुढं उसळली. समोर वळणाच्या भिंतीला टेकून बळवंत उभा होता. तो बग्गी आणि भिंतीच्या मधे अडकला; त्याच्या मांडीचं हाड मोडल्याचा आवाज गल्लीभर ऐकू गेला.

तो दांडा पुन्हा धरायची भगवानरावांची छाती होईना. "मागं घे रे! धम्मदीप, बाबा, मागं घे!"

धम्मदीपनं तोंडातलं रक्त थुंकलं आणि उजवा खांदा बग्गीच्या पाइपाला लावला.

"मी एक झालो, आण्णा. अजून तिघं या."